इतिवृत्त

मंगळवार, संध्याकाळी सात. मेथडिस्ट हॉल, हॉल्टन क्लीव्ह, श्रॉपशर.
हजर: अकरा माणसं आणि ग्लिन बेडोजचा म्हातारा कुत्रा.
मीटरमध्ये नाणं टाकल्याशिवाय इथे ऊब येत नाही,
म्हणून पहिली वर्गणी कायम उबेचीच.

चिटणीस मी,
कारण पहिल्या बैठकीला पर्समध्ये पेन फक्त माझ्याकडे होतं,
आणि मॉरीन ट्रँटर म्हणाली, तुझं स्पेलिंग आमच्यापेक्षा बरं.
साताऱ्याच्या कन्याशाळेतल्या पाटणकरबाईंनी
हे ऐकायला हवं होतं.
त्यांच्याच तासाला लिहिली होती मी दोन मार्कांची टीप:
दबावगट. सत्तेत न जाता सत्तेवर, वगैरे.
दीड मार्क मिळाला होता.

विषय एकच: एकसष्ट नंबरची बस.
दिवसाला चार फेऱ्या, काउंटी बंद करणार.
डोरीनचं डायलिसिस सोम-बुध-शुक्र.
केव्हिनचा मुलगा शहरात सुतारकाम शिकतो.
मला खरं तर कुठेच जायचं नसतं,
पण थांब्यावर चार माणसांत उभं राहता येतं.
हे मी अर्जात घातलं नाही.

ग्लिनची हयात टपालात गेली.
तो म्हणाला, छापील कार्डं थेट टोपलीत जातात.
हाताने लिहा. प्रत्येकाने आपली आपली चूक करा.
झाली एकशे बारा पत्रं,
एका पत्रावर तर जॅमचा डाग.
काउन्सिलर प्रॉबर्ट मागल्या खेपेला
त्र्याऐंशी मतांनी आले होते.
हे आम्ही कुठेही लिहिलं नाही.
लिहायची गरज नव्हती.

काउंटीच्या इमारतीत बाकावर बसून होतो
तेव्हा आतून खाणकंपनीची दोन माणसं बाहेर आली.
हातात पाटी नाही, घोषणा नाही, चांगले कोट.
प्रॉबर्ट दारापर्यंत सोडायला आले,
आणि ती माणसं त्यांना फिल म्हणाली.
मॉरीनने आपली पाटी हळूच उलटी केली,
जशी आपण पाहुण्यांसमोर फाटकी उशी उलटी करतो.

तरी आम्ही जिंकलो.
एप्रिलमध्ये पत्र आलं: एकसष्ट चालू राहील.
डोरीनने लिंबाचा केक आणला, कुत्र्यालाही दिला.
रडल्याशिवाय आईदेखील पाजत नाही,
मी इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला,
जरा अश्लील झालं, पण सगळे हसले.

अहवालाचं शेवटचं पान मी घरी वाचलं.
बारीक तक्ता. पैसा तेवढाच.
मार्ग एकसष्ट: हरकती एकशे बारा. कायम.
मार्ग चौसष्ट, मेरीकोट: हरकती शून्य. बंद.

मेरीकोट नऊ मैलांवर.
बटाट्याच्या शेडात काम करणारी माणसं,
कॅरव्हॅनमध्ये राहणारी, रोमानियाची, बल्गेरियाची,
आणि दोन-तीन म्हाताऱ्या, ज्यांना चिटणीस नाही.

शनिवारी ग्लिनची गाडी घेऊन गेलो.
थांब्याच्या खांबाला सूचना डकवलेली,
पावसाने तिची शाई उतरलेली.
खाली एक बाई, पायाशी दोन पिशव्या.
आम्ही सांगितलं. ती म्हणाली,
येईल, कधी कधी उशीर होतो.
पंचवीस मिनिटं आम्हीही तिच्याबरोबर वाट पाहिली,
काय करावं ते न सुचून.
मग तिला शहरात सोडलं.
तिने पाच पौंडांची नोट पुढे केली.
ग्लिन समोर बघत गाडी चालवत राहिला.

आज मंगळवार. मागील इतिवृत्त वाचून कायम.
आभाराचा ठराव, टाळ्या, समिती बरखास्त करावी का यावर चर्चा.
इतर विषय, मॉरीनने विचारलं.
मी मेरीकोट म्हटलं.
कुणी तरी म्हणालं, ते आपल्या हद्दीत येत नाही,
आणि ते खरंच होतं.
ग्लिनने खिसे चाचपले.
तेवढ्यात नाणं संपलं आणि हीटर टकटक करत थंड होऊ लागला.
मी लिहिलं: मेरीकोट. पुढे स्वल्पविराम दिला.
कोट घालून सगळे बसून होते.